डोळ्यातील कुसळ आणि पारपटलाचे सूक्ष्मचित्रण

धान्याच्या व्यापारात ज्यांची हयात गेली त्यांस कुसळ म्हणजे काय हे सांगावयास नको. गव्हाच्या ओंबीवरील ही ताठ, खरखरीत काडी मळणीत मोडते, दाण्यांबरोबर पोत्यात येते आणि चाळणीवर माल ओतताना धुळीबरोबर उडते. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, अशी आपली जुनी म्हण आहे. म्हणीतले कुसळ म्हणजे क्षुल्लक दोष. परंतु खरोखरीचे कुसळ खरोखरीच्या डोळ्यात गेले म्हणजे ते क्षुल्लक राहत नाही, हा धडा आम्हांस आमच्याच वखारीत मिळाला. त्या निमित्ताने डोळ्याच्या दर्शनी काचेविषयी, म्हणजे पारपटलाविषयी, आणि त्याची अतिसूक्ष्म चित्रे घेणाऱ्या साधनांविषयी जी माहिती आम्ही वाचून व जाणकारांस विचारून गोळा केली, ती व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत. आम्ही कोणी वैद्य नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे घाऊक व्यापारी आहोत. म्हणून विषय आमच्या धंद्याच्या भाषेत मांडला आहे, त्याबद्दल सुज्ञ वाचक क्षमा करतील.

वखारीतील प्रसंग

सुरत शहराच्या दक्षिणेस पांडेसरा ही कारखान्यांची वसाहत आहे. रंगाई-छपाईच्या गिरण्या आणि यंत्रमाग यांच्या आधाराने धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे येथे स्थायिक झाली. उधन्याहून खानदेशाकडे जाणारी रेल्वे ही त्यांची नाळ आहे. या वस्तीस ज्वारी, बाजरी, गहू व तांदूळ पुरविण्याचा आमचा व्यवसाय. हमाल, मापाडी व दिवाणजी हे बहुतेक आमच्याच मुलखातील.

२०१९ च्या उन्हाळ्यात नव्या गव्हाची आवक चालू असताना चाळणीवर पोते ओतणाऱ्या एका हमालाच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेले. त्याने डोळा चोळला, पिंपातील पाण्याने धुतला. सोबत्याने गमछाच्या टोकाने कुसळ काढले. ते निघाले म्हणजे काम झाले, असे सर्वांस वाटले. दुसऱ्या दिवशी डोळा लाल दिसला, तेव्हा आम्ही दिवाणजींस सांगून औषधाच्या दुकानातून थेंब आणविले. दोन दिवसांत लाली ओसरली. आम्ही समाधान पावलो आणि तो पुन्हा पोती उचलू लागला. सहाव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला. तरीही आवक जोरात आहे, आठवडा संपला की बघू, असे आम्हीच म्हणालो. नवव्या दिवशी त्यास उजेड सोसवेना, तेव्हा कोठे त्यास नेत्रवैद्यांकडे नेले. त्यांनी पाहताच मुंबईच्या एका मोठ्या नेत्र-रुग्णालयात धाडले. आम्ही स्वतः बरोबर गेलो.

तेथे डोळ्यात बधिर करणारे थेंब घालून त्यास एका यंत्रापुढे बसविले. क्षणात शेजारच्या पडद्यावर राखाडी पार्श्वभूमी आणि तीवर चकाकणारे, आडवेतिडवे, फाटे फुटलेले धागे दिसू लागले. ओल लागलेल्या पोत्यात दाण्यांवरून बुरशीची जाळी पसरते, ती आम्ही शेकडो वेळा पाहिली आहे. पडद्यावर हुबेहूब तेच होते, पण ते जिवंत माणसाच्या डोळ्यात होते. डॉक्टर म्हणाले, "शेठजी, कुसळ निघाले, पण त्याच्यावरची बुरशी आत राहिली. आणि तुम्ही घातलेल्या थेंबांत स्टिरॉइड होते. त्याने लाली दबली आणि बुरशीस मोकळे रान मिळाले." त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा मागोवा घेऊ लागलो.

पारपटलाची घडण

डोळ्याच्या काळ्या भागापुढे घड्याळाच्या काचेप्रमाणे जो पारदर्शक घुमट बसविलेला असतो, तो पारपटल होय. डॉक्टर त्यास कॉर्निया म्हणतात. त्याची रुंदी सुमारे साडेअकरा ते बारा मिलिमीटर आणि मध्यभागीची जाडी अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तथापि डोळ्यात येणारा प्रकाश वळविण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम ही काच करते. उरलेले आतील भिंग करते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू ती मुख्यतः हवेतून घेते आणि पोषण आतील पाण्यातून.

या अर्ध्या मिलिमीटरात पाच थर आहेत, असे पाठ्यपुस्तके पूर्वापार सांगत आली. सर्वांत वर पेशींचे पाच-सहा पदर असलेली पातळ त्वचा, जाडी सुमारे ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तिच्याखाली बोमनचा थर. मग मधला मुख्य गाभा. पारपटलाच्या जाडीचा सुमारे नऊ-दशांश हिस्सा याचाच. त्यामागे डेसिमेटचा पडदा आणि शेवटी पेशींचा एकच पदर असलेले अंतःस्तर. २०१३ मध्ये इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. हरमिंदरसिंग दुआ यांनी गाभा व डेसिमेटचा पडदा यांच्यामध्ये आणखी एक चिवट थर असल्याचे प्रसिद्ध केले. त्याची जाडी जेमतेम १० ते १५ मायक्रॉन आहे. त्यास स्वतंत्र थर म्हणावे की गाभ्याचाच भाग, यावर तज्ज्ञांत वाद झाला. परंतु शस्त्रक्रियेत त्याचे महत्त्व मान्य झाले. डॉ. दुआ यांचे वैद्यकीय शिक्षण नागपुरास झालेले आहे, ही मराठी वाचकांस अभिमानाची गोष्ट होय.

मांसाचा तुकडा पारदर्शक कसा, हा प्रश्न कोणासही पडेल. गाभ्यातील तंतू अतिशय बारीक, एकसारख्या जाडीचे आणि ठराविक अंतरावर रचलेले असतात. त्यामुळे प्रकाश विखुरत नाही, सरळ पार होतो. ही उपपत्ती डेव्हिड मॉरिस या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडली. गाभ्यात पाणी शिरून अंतर बिघडले की काच धुरकट होते. पाणी बाहेर काढीत राहण्याचे काम अंतःस्तराच्या षट्कोनी पेशी अहोरात्र करतात. प्रौढ वयात एका चौरस मिलिमीटरात त्या सुमारे अडीच ते तीन हजार असतात, आणि मेलेल्या पेशीच्या जागी माणसात नवी पेशी सहसा तयार होत नाही. शेजारच्या पेशी पसरून जागा भरतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर हे असे मुद्दल आहे की ज्यावर व्याज नाही. जन्मभर त्यातून फक्त खर्च होतो. संख्या सुमारे पाचशेच्या खाली गेली की पारपटल सुजून धूसर होण्याचा धोका असतो.

पाहण्याची साधने

डोळ्यात पाहण्याची कला पायरीपायरीने वाढली. १८८० मध्ये पोर्तुगालच्या प्लासिदो यांनी काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची एक चकती केली. तिचे प्रतिबिंब पारपटलावर पाहावयाचे. वर्तुळे वाकडी दिसली तर काच वाकडी. १९११ मध्ये स्वीडनच्या गुलस्ट्रँड यांनी फटीतून येणाऱ्या प्रकाशाचा दिवा, म्हणजे स्लिट लॅम्प, पुढे आणला. आजही नेत्रवैद्य हनुवटी टेकवून ज्या यंत्रापुढे आपणांस बसवितात ते याचेच वंशज. त्याने साधारण चाळीस पटींपर्यंत मोठे दिसते. जखम दिसते, तिची खोली अजमावता येते. पण एक पेशी किंवा बुरशीचा एक धागा वेगळा काढून दाखविणे त्याच्या शक्तीबाहेर आहे. १९६८ मध्ये वर उल्लेखिलेल्या मॉरिस यांनीच अंतःस्तरावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने त्या पेशी दाखविणारे स्पेक्युलर सूक्ष्मदर्शक तयार केले. त्यामुळे मुद्दल मोजता येऊ लागले.

खोलीतील एकच पातळी स्पष्ट पाहण्याची युक्ती मात्र अमेरिकेतील मार्विन मिन्स्की यांची. तिच्या पेटंटासाठी त्यांनी १९५७ मध्येच अर्ज केला होता. युक्ती अशी : प्रकाश एका सूक्ष्म छिद्रातून सोडून एका बिंदूवर एकवटवावयाचा, आणि परत येणारा प्रकाश पुन्हा दुसऱ्या सूक्ष्म छिद्रातून घ्यावयाचा. त्या बिंदूच्या वरचा व खालचा प्रकाश छिद्राच्या कडेस अडतो. हव्या त्या बिंदूचाच आत येतो. असे बिंदूमागून बिंदू टिपले की एक स्वच्छ चित्र होते. यासच कॉन्फोकल पद्धती म्हणतात. जर्मनीतील रोस्टॉक येथे या शतकाच्या आरंभी विकसित झालेल्या लेसरच्या साधनाने एका वेळी ४०० गुणिले ४०० मायक्रॉनचा तुकडा दिसतो, आणि सुमारे एक मायक्रॉनपर्यंतचा बारकावा ओळखता येतो. डोळ्यावर थंड जेलीचा लेप ठेवून यंत्राचे टोक हलकेच टेकवितात. काही मिनिटांचे काम असते.

दुसरे साधन ओ.सी.टी. हे होय. अमेरिकेत १९९१ मध्ये ते प्रसिद्ध झाले. विहिरीत हाक मारली असता प्रतिध्वनी येण्यास लागणाऱ्या वेळावरून खोली कळावी, तसे परत येणाऱ्या प्रकाशावरून प्रत्येक थराची खोली हे यंत्र काढते. डोळ्यास स्पर्श न करता पारपटलाचा उभा छेद कागदावर उतरतो. वडीचा काप पाहिल्याप्रमाणे जाडी, व्रणाची खोली, डागाची पातळी सारे मोजता येते. ओ.सी.टी. खोली सांगते, कॉन्फोकल त्या खोलीवर काय आहे ते दाखविते.

आमच्या धंद्यात पोत्यात लोखंडी परखी खुपसून नमुना काढतात. पोते न सोडता तळचा माल कळतो, पण पोत्यास भोक पडते. कॉन्फोकल ही भोक न पाडणारी परखी आहे, अशी तुलना आम्ही डॉक्टरांजवळ केली, तेव्हा ती त्यांस पटली.

निरोगी व रोगी डोळ्यातील फरक

निरोगी पारपटल या यंत्राने पाहिले असता वरच्या त्वचेच्या पेशी फरसबंदीप्रमाणे दिसतात. त्यांच्या तळाशी मज्जातंतूंचे बारीक, बहुधा समांतर धागे असतात. गाभ्यात काळ्या पार्श्वभूमीवर पेशींचे उजळ ठिपके विखुरलेले आढळतात आणि शेवटी मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनांची रांग लागते. मधुमेही माणसात हे मज्जातंतू विरळ झालेले दिसतात. पायांच्या बधिरतेस कारण होणारी तंतूंची हानी डोळ्याच्या काचेतून अशी पाहता येते, हे गादीवर बसून साखर वाढविणाऱ्या आम्हां मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

रोगी डोळ्याचे चित्र निराळे. बुरशीचे धागे चकाकतात, त्यांस फाटे असतात आणि मज्जातंतूंची शिस्त त्यांत नसते. दूषित पाण्यातून येणाऱ्या अकँथामीबा या एकपेशी जीवाच्या गाठी गोल, उजळ, दुहेरी भिंतीच्या दिसतात. जीवाणू मात्र इतके लहान की हे यंत्र त्यांस दाखवू शकत नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात गंभीर व्रणांच्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुरशीचे निदान या यंत्राने शंभरांतील सुमारे ८५ रुग्णांत बरोबर केले. म्हणजे ते अचूक आहे, पण सर्वज्ञ नाही. बुरशी आहे हे ते सांगते; बुरशीची जात कोणती हे धाग्यांवरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून व्रण खरवडून नमुना काढणे व प्रयोगशाळेत वाढविणे हे चालूच ठेवावे लागते. जेथे असे महागडे यंत्र नाही तेथेही निराश होण्याचे कारण नाही. खरवडलेला नमुना पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास बुरशी थोड्या वेळात ओळखता येते.

हे निदान इतके महत्त्वाचे का? कारण जीवाणूंचे औषध बुरशीस चालत नाही. भारतात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत धाग्यांच्या बुरशीवर नॅटामायसिन हे जुने औषध व्होरिकोनॅझोल या नव्या औषधाहून सरस ठरले. परंतु कोणतेही औषध योग्य वेळी सुरू झाले तरच. उशीर झाल्यास व्रण खोल जातो आणि बरा होऊनही मागे पांढरे फूल ठेवतो.

तरुण मुलांच्या संबंधात केरॅटोकोनस हा विकारही सांगावयास हवा. यात काच पातळ होऊन शंकूप्रमाणे पुढे येते आणि चष्म्याचा अंक वारंवार बदलतो. डोळे सतत चोळण्याची सवय यास पोषक समजली जाते. प्लासिदोच्या वर्तुळांचाच आधार घेऊन संगणकाने काढलेल्या नकाशात हा विकार लवकर कळतो. वेळीच कळल्यास रिबोफ्लेव्हिन आणि अतिनील किरण यांच्या साहाय्याने काचेस बळकटी आणता येते.

यंत्रापूर्वीचे तास

इतके वाचल्यावर वाचकांस वाटेल की या लेखाचा नायक यंत्र आहे. आमचे मत तसे नाही. मदुराई जिल्ह्यातील पारपटल-व्रणांची गणना १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार दरवर्षी लाख लोकांमागे ११३ जणांस असा व्रण होत होता. त्यांतील पुष्कळांच्या मागे शेतातील किंवा धान्याची इजा असते. उलट नेपाळमधील भक्तपूर येथे एक साधा उपाय करून पाहिला गेला. गावोगावच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांनी डोळ्यास ओरखडा उठलेल्यांस तीन दिवस जीवाणूनाशक मलम दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतानुसार जे इजेनंतर १८ तासांच्या आत आले त्यांपैकी एकासही व्रण झाला नाही. अठरा तास! आम्ही नऊ दिवस घालविले होते.

तेव्हापासून आमच्या वखारीत काही नियम ठरविले आहेत. चाळणी व उलथापालथ यांच्या जागी काम करणाऱ्यास बाजूने बंद असलेला चष्मा आम्ही देतो, आणि तो घातल्यावाचून काम चालू होत नाही. डोळ्यात काही गेले तर चोळावयाचे नाही. स्वच्छ पाण्याने धुवावयाचे. काडी रुतलेली असल्यास ती कापडाने, नखाने वा जिभेने काढावयाची नाही. त्याच दिवशी नेत्रवैद्यांकडे जावयाचे, रोजी कापली जाणार नाही आणि खर्च पेढीचा. दुकानातून मागून आणलेले थेंब, मध, दूध, तूप यांपैकी काहीही घालावयाचे नाही. चुना अथवा शेजारच्या गिरण्यांतील कॉस्टिकसारखा क्षार उडाल्यास मात्र एक क्षणही न दवडता अर्धा तास भरपूर पाण्याने डोळा धूत राहावे आणि मग रुग्णालय गाठावे. कारण क्षार पारपटलात खोल उतरत जातो.

फुलानंतरचा मार्ग

आमच्या हमालाचा व्रण औषधांनी अडीच महिन्यांत भरला, पण बुबुळाच्या मध्यावर फूल राहिले. त्या डोळ्याने त्यास हाताची बोटे तेवढी मोजता येत. पन्नाशीच्या आतील अंधत्वाच्या कारणांत आपल्या देशात असे फूल अग्रभागी आहे, असे २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत दिसून आले. यास उपाय एकच : मृत व्यक्तीने दिलेले पारपटल बसविणे. ही शस्त्रक्रिया जगात प्रथम यशस्वी झाली ती १९०५ मध्ये, डॉ. त्सिर्म यांच्या हातून. आमच्या माणसास करोनाच्या टाळेबंदीमुळे थांबावे लागले. २०२१ च्या अखेरीस त्याची पाळी आली.

येथेही सूक्ष्मचित्रणच कामास आले. दान आलेल्या पारपटलातील अंतःस्तराच्या पेशी नेत्रपेढी स्पेक्युलर सूक्ष्मदर्शकाने मोजते. संख्या पुरेशी असेल तरच ते अशा शस्त्रक्रियेस वापरतात. नेत्रदानासंबंधी आमच्या समाजात सद्भावना आहे, परंतु घरात दुःखद प्रसंग घडल्यावर वेळेचे भान राहत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढावे लागतात. तोवर पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके थोडे उंच ठेवावे. चष्मा असणे किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे हे दानास आड येत नाही. अनेकदा एका देहाच्या दोन पारपटलांनी दोन माणसांस दृष्टी मिळते.

तो हमाल आज आमच्या वखारीतच आहे. पोत्यावरील मार्का त्यास दुरून ओळखता येतो. बारीक अक्षर मात्र त्या डोळ्याने वाचता येत नाही. त्याने आम्हांस कधी दोष दिला नाही. "शेठ, तुम्ही मुंबईपर्यंत आलात," असे तो म्हणतो. परंतु थेंब आणविण्याचा हुकूम आमचा होता आणि आठवडा संपू दे, असे म्हणणारेही आम्हीच होतो. एक मायक्रॉनचे दाखविणारे यंत्र जगात आहे. त्यापर्यंत माणूस किती तासांत पोहोचावयाचा, हे मात्र पेढीवर बसलेल्या मालकाच्या हाती असते. ज्या बंधूंच्या वखारीत चाळणी चालते त्यांनी या हंगामापूर्वी चष्मे घ्यावेत, आणि जवळच्या नेत्रवैद्यांचा पत्ता दिवाणजींच्या मेजावर लिहून ठेवावा, एवढी विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.